नांदण्याचा दावा : डॉ. रखमाबाई यांचे चरित्र

४ मार्च १८८७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात एका गाजलेल्या खटल्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती फॅरन यांनी बावीस वर्षांच्या एका स्त्रीला आदेश दिला, की तिने एक महिन्याच्या आत पतीच्या घरी नांदायला जावे. न गेल्यास तिला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगावा लागेल. या स्त्रीने चोरी केली नव्हती की कोणाला इजा केली नव्हती. ती घर सोडून पळूनही गेली नव्हती. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्याच घरात ती आईजवळ राहत होती. अकराव्या वर्षी तिचे जे लग्न लावून देण्यात आले, ते जाणत्या वयात मान्य करण्यास तिने नकार दिला, एवढाच तिचा अपराध. त्या घरी जाण्यापेक्षा आपण तुरुंगात जाणे पत्करू, असे तिने शांतपणे कळवले.

या स्त्रीचे नाव रखमाबाई. पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी गुजरातमध्ये जवळजवळ पस्तीस वर्षे स्त्रियांची रुग्णसेवा केली. पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेऊन प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या भारतातील अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. तथापि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते या खटल्यामुळे. पत्नी म्हणजे कोण, पती म्हणजे कोण, आणि त्या दोघांचे घरातील स्थान ठरवायचे कोणी, हा प्रश्न या खटल्याने भर न्यायालयात आणला.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे जयंतीबाई. हे कुटुंब सुतार ज्ञातीचे होते. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा झाल्या. त्या काळी ब्राह्मण व इतर काही उच्च मानल्या गेलेल्या जातींत विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा नव्हती. मात्र महाराष्ट्रातील अनेक ज्ञातींत विधवेचा पाट लावण्याची, म्हणजे तिचा दुसरा विवाह करण्याची रीत होती. सुतार ज्ञातीतही विधवाविवाहास बंदी नव्हती. सुमारे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी विवाह केला. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवत. १८८३ मध्ये मुंबईत निसर्ग-इतिहासाच्या अभ्यासासाठी जी संस्था स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते आणि सखाराम अर्जुन हे त्यांपैकी एक होते.

या विवाहापूर्वी जयंतीबाईंनी आपल्याकडे असलेली मालमत्ता मुलीच्या नावे केली. या गोष्टीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाचा अधिकार मिळाला, हे आपण नेहमी वाचतो. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती, तिचा उल्लेख सहसा होत नाही. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपेल, जणू ती मरण पावली आहे असे समजून ती मालमत्ता पुढील वारसांकडे जाईल, असे त्या कायद्याने ठरवले होते. पत्नी मरण पावल्यावर दुसरे लग्न करणाऱ्या पुरुषाला मात्र असे काहीच गमवावे लागत नसे. विधवा आणि विधुर हे दोन शब्द व्याकरणात जोडीने येतात; कायद्याच्या दृष्टीने ती जोडी मुळीच नव्हती. जयंतीबाईंची मुलगी अशा रीतीने लहान वयातच मालमत्तेची मालकीण झाली, आणि पुढच्या तंट्यात या मालमत्तेची छाया सतत राहिली.

रखमाबाई अकरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. दादाजी हे सखाराम अर्जुन यांच्या नात्यातले, गरीब घरातले, एकोणीस-वीस वर्षांचे तरुण होते. सुधारक विचारांच्या घरात असे लग्न कसे झाले, असा प्रश्न वाचकाला पडेल. जयंतीबाईंच्या वडिलांचा आग्रह, ज्ञातीची रीत आणि मुलगी मोठी झाली तर लोक काय म्हणतील ही भीती, या साऱ्यांपुढे सुधारकांच्या घरांनाही त्या काळी मान तुकवावी लागे.

कायद्याचा या विवाहाला काहीही अडथळा नव्हता. या लग्नाच्या सुमारासच, १८७५ मध्ये, भारतात सज्ञानतेचा कायदा झाला होता. त्या कायद्यानुसार माणूस सज्ञान होण्याचे वय १८ वर्षे ठरले. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार न्यायालय मान्य करत नसे. परंतु त्याच कायद्यात स्पष्ट म्हटले होते, की विवाह, घटस्फोट आणि दत्तक यांना हे वय लागू नाही. म्हणजे अकरा वर्षांच्या रखमाबाईंना स्वतःच्या मालमत्तेतला एखादा तुकडा विकता आला नसता, पण त्यांचा सारा जन्म बांधून टाकणारा विवाह मात्र कायद्याला पूर्णपणे ग्राह्य होता. त्यांची संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता. कन्येचे दान होत असते, आणि जिचे दान होते तिला काही विचारत नाहीत.

या लग्नात एक वेगळी अट होती. लग्नानंतर रखमाबाईंनी सासरी जायचे नव्हते. दादाजींनीच घरजावई म्हणून सखाराम अर्जुन यांच्याकडे राहायचे होते. सासरच्या खर्चाने त्यांनी शिकावे आणि चांगला माणूस व्हावे, अशी अपेक्षा होती. मराठीत मुलगी नांदते, मुलगा नांदत नाही. मुलगी सासरी जाते तेव्हा तिचे कौतुक होते; मुलगा सासरी राहिला तर घरजावई या शब्दाने त्याची थट्टा होते. दादाजींना ही भूमिका मानवली नाही. विशीतल्या तरुणाला शाळेत मुलांबरोबर बसणे अवघड गेले असेल, हेही समजण्यासारखे आहे. काही काळाने त्यांनी शिक्षण सोडले. आईच्या मृत्यूनंतर ते मामा नारायण धुर्माजी यांच्या घरी राहू लागले. तेथील वातावरण चांगले नव्हते, दादाजींना वाईट संगत लागली आणि त्यांच्यावर कर्जही झाले.

लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाई वयात आल्या. रूढीप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी व्हायला हवा होता, म्हणजे पतिपत्नींच्या सहवासास आरंभ व्हायला हवा होता. येथे सखाराम अर्जुन यांच्यातील डॉक्टर जागा झाला. इतक्या कोवळ्या वयात मातृत्व आल्याने मुलींच्या शरीराची कशी हानी होते, हे त्यांनी व्यवसायात पाहिले होते. त्यांनी हा विधी होऊ दिला नाही. पत्नी म्हणून नोंद झालेली ती मुलगी त्यामुळे आईवडिलांच्या घरी मुलगी म्हणूनच वाढत राहिली.

शाळा मात्र लग्नामुळे सुटली होती. रखमाबाईंनी घरीच वाचन सुरू केले. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या वाचत, इंग्रजी शिकत. आईबरोबर त्या प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जात. डॉक्टरांच्या घरी येणाऱ्या विद्वानांची संभाषणेही त्यांच्या कानी पडत. अशा रीतीने आठ-नऊ वर्षे गेली. या काळात त्या एक विचार करणाऱ्या, निश्चयी स्त्री झाल्या, आणि ज्या माणसाशी आपले लग्न लागले आहे त्याच्याबरोबर आपण राहू शकणार नाही, हे त्यांच्या मनाने पक्के केले.

१८८४ च्या मार्चमध्ये दादाजींनी वकिलांमार्फत सखाराम अर्जुन यांना पत्र पाठवले, की त्यांनी रखमाबाईंना पतीकडे येण्यापासून अडवू नये. पत्र रखमाबाईंना नव्हते, सावत्र वडिलांना होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. घरातली मुलगी स्वतःहून नकार देऊ शकते, अशी कल्पनाही त्या पत्रामागे नव्हती. आपण तिला अडवलेले नाही, असे डॉक्टरांनी सौम्यपणे कळवले. मग रखमाबाईंनी स्वतःच्या वकिलांमार्फत आपली कारणे मांडली. दादाजी आपले पोषण करू शकत नाहीत, त्यांची प्रकृती चांगली नाही, ते ज्या घरात राहतात ते घर राहण्यास योग्य नाही, आणि मुख्य म्हणजे हा विवाह आपण अजाण असताना झाला, अशी ती कारणे होती. तेव्हा दादाजींनी न्यायालयात दावा दाखल केला. एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले, आणि ऐन खटल्याच्या वेळी रखमाबाईंचा मोठा आधार गेला.

दाव्याचे कायदेशीर नाव होते वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. साध्या मराठीत सांगायचे तर नांदायला येण्याचा दावा. पतिपत्नींपैकी एकाने दुसऱ्याला योग्य कारणाविना सोडले, तर सोडलेल्या व्यक्तीला न्यायालयाकडे दाद मागता येई आणि न्यायालय दुसऱ्याला परत येण्याचा हुकूम देई. हुकूम मोडल्यास मालमत्तेची जप्ती किंवा सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास, अशी शिक्षा भारतातील दिवाणी प्रक्रिया संहितेत होती.

या दाव्याचे मूळ हिंदू धर्मशास्त्रात नव्हते. इंग्लंडमध्ये विवाहाचे तंटे पूर्वी ख्रिस्ती धर्मपीठाच्या न्यायालयांपुढे चालत. तेथे हा दावा जन्मला. तेथून तो इंग्लंडच्या सामान्य न्यायालयांत आला आणि इंग्रजी न्यायपद्धतीबरोबर भारतात उतरला. येथील धर्मग्रंथांत पतिपत्नींनी एकत्र राहावे असे सांगितले आहे, परंतु न गेलेल्या पत्नीला राजाने तुरुंगात टाकावे, असा दावा त्यांत आढळत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, ज्या १८८४ साली दादाजींच्या वकिलांचे पत्र निघाले, त्याच साली इंग्लंडने आपल्या देशात या गुन्ह्यासाठीचा तुरुंगवास रद्द केला. इंग्लंडमधली पत्नी आता या कारणाने तुरुंगात जाऊ शकत नव्हती. इंग्लंडच्याच कायद्याने मुंबईतली पत्नी जाऊ शकत होती.

खटल्याची सुनावणी सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे झाली. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या असलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे होते. धर्मशास्त्राचे ते मोठे जाणकार होते आणि पुढे ते स्वतः उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. २१ सप्टेंबर १८८५ रोजी पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचा विचार असा होता, की इंग्लंडमधील हा दावा प्रौढ, संमतीने विवाह केलेल्या आणि एकत्र राहून नंतर दुरावलेल्या पतिपत्नींसाठी आहे. येथे विवाह झाला तेव्हा मुलगी अजाण होती आणि त्यानंतर दोघे पतिपत्नी म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत. जे कधी स्थापन झालेच नाही, त्याची पुनःस्थापना कशी करायची? एका तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या माणसाच्या स्वाधीन करणे त्यांना क्रूरपणाचे वाटले.

निकालाच्या आधीच, जून १८८५ मध्ये, मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया या इंग्रजी वृत्तपत्रात एका हिंदू स्त्रीने टोपणनावाने लिहिलेले पत्र छापून आले होते. त्यात बालविवाहाचे दुष्परिणाम वर्णिले होते. सप्टेंबरमध्ये दुसरे पत्र आले. ते विधवांच्या स्थितीबद्दल होते. ही पत्रे रखमाबाईंचीच होती, हे नंतर उघड झाले. त्यांतील त्यांचे मुख्य दुःख समजून घेण्यासारखे आहे. लग्नाने आपल्यावर अन्याय झाला हे तर त्या सांगतातच; पण सर्वांत जिव्हाळ्याची जी गोष्ट, म्हणजे विद्या, तिच्या आड हे लग्न आले, याची खंत त्यांना सर्वाधिक आहे. बालविवाह मुलाचाही होतो, परंतु त्याची शाळा त्यामुळे बंद होत नाही.

पिन्हे यांच्या निकालाने एकच खळबळ उडाली. बहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने १८८४ पासूनच बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध मोहीम चालवली होती. त्यांनी व इतर सुधारकांनी निकालाचे स्वागत केले. दुसऱ्या बाजूला केसरी आणि मराठा या पत्रांनी कडाडून टीका केली. लोकमान्य टिळकांसारख्या नेत्यांचा आक्षेप असा होता, की परक्या न्यायाधीशाने हिंदूंच्या विवाहसंस्थेचे मर्म न जाणता तिच्यावर आघात केला आहे. आमच्या समाजाच्या सुधारणा आम्ही करू, सरकारने त्यांत पडू नये. परकीय सत्तेबद्दलचा हा संशय निराधार नव्हता. तरीही धर्माचे म्हणून ज्याचे रक्षण चालले होते, ते दाव्याचे हत्यार इंग्लंडहूनच आले होते, हे त्या गदारोळात पुष्कळांच्या नजरेतून सुटले. ज्ञातीच्या चालीरीतींचे बळही या वादात बाजूला पडले. रखमाबाईंच्या ज्ञातीत विधवाविवाह चालत होता, अनेक ज्ञातींत काडीमोड घेण्याची रीत होती. परंतु न्यायालयात आणि वृत्तपत्रांत चर्चा झाली ती ग्रंथांतील एकाच हिंदू पत्नीची, जिला विवाहातून बाहेर पडण्याचा मार्ग नाही. कायदा एकसारखा करताना पुष्कळदा असे होते. जिथे सवलत होती तिथली सवलत जाते आणि जिथे बंधन होते तिथले बंधन सर्वांना लागू होते.

दादाजींनी अपील केले. मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी २ एप्रिल १८८६ रोजी पिन्हे यांचा निर्णय फिरवला आणि खटला पुन्हा चालवण्यास पाठवला. हिंदू विवाहात वधूची संमती ही आवश्यक गोष्टच नाही, म्हणून ती नव्हती हे कारण पुढे करता येणार नाही. विवाह झाला आहे म्हणजे एकत्र राहण्याचे कर्तव्यही आले, असा त्या निर्णयाचा रोख होता. या तर्कात एक विलक्षण कोडे आहे. लग्न लावताना मुलीला इच्छा असण्याची गरज नव्हती, कारण ती अजाण होती. आणि मोठेपणी तिला इच्छा असण्याची गरज नव्हती, कारण आता तिचे लग्न झालेले होते. मग तिच्या इच्छेला जागा कोणत्या वयात होती? याचे उत्तर त्या काळच्या कायद्याजवळ नव्हते.

फॅरन यांच्यापुढे खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ चा तो निकाल आला. आता हा तंटा मुंबईपुरता राहिला नाही. लंडनच्या वृत्तपत्रांत त्याची चर्चा झाली. संस्कृतचे विद्वान मॅक्स म्यूलर यांनी रखमाबाईंची बाजू घेतली. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील १८८७ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी या निकालाचा संतापाने उल्लेख केला. मुंबईत रखमाबाईंच्या साहाय्यासाठी समिती स्थापन झाली. दादाजींनीही आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. रखमाबाईंनी त्यांच्या शिक्षित आईबापांच्या नादाने आपल्याला नाकारले, त्यांच्या मालमत्तेसाठीच हे सारे घडले, असे आरोप झाले. रखमाबाईंनी वृत्तपत्रातून त्यांना सविस्तर उत्तर दिले. घराच्या चार भिंतींआडच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर आल्या, आणि एका तरुण स्त्रीला परक्या भाषेत, नाव जाहीर करून, स्वतःच्या विवाहाबद्दल लिहावे लागले. त्या काळात याला किती धैर्य लागले असेल, याची आज सहज कल्पना येणार नाही.

शेवट कसा झाला याविषयी एक लोकप्रिय कथा सांगितली जाते. राणी व्हिक्टोरियाने मध्ये पडून रखमाबाईंचा विवाह रद्द केला, अशी ती कथा आहे. प्रत्यक्षात तसे घडलेले दिसत नाही. जुलै १८८८ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये देण्यात आले आणि त्यांनी निकालाची अंमलबजावणी करण्याचा हट्ट सोडला. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. राणीची कथा ऐकायला गोड आहे. पण तडजोडीची हकिगत अधिक बोलकी आहे, कारण तिने कायद्यात काहीच बदलले नाही. फॅरन यांचा निकाल कायम राहिला. विवाहही कायम राहिला. दादाजींनी पुढे दुसरे लग्न केले. हिंदू पुरुषाला एका पत्नीच्या हयातीत दुसरी करण्याची तेव्हा मुभा होती. रखमाबाईंना ती नव्हती. रुपये देऊन त्यांनी स्वतःचे घर आणि स्वतःचे दिवस परत मिळवले, परंतु कायद्याच्या वहीत त्या दादाजींच्या पत्नीच राहिल्या.

आता विद्येचा मार्ग मोकळा झाला. मुंबईत १८८६ मध्ये स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले होते. तेथील प्रमुख डॉक्टर एडिथ पीची यांनी रखमाबाईंना प्रोत्साहन दिले व निधी जमवण्यास मदत केली. या पीचीबाई स्वतः वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबरोच्या विद्यापीठाशी झगडलेल्या होत्या. दार बंद असणे म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. ब्रसेल्स येथून त्यांनी एम. डी. ही पदवीही मिळवली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या होत्या, पण व्यवसाय सुरू करण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले होते. म्हणून मराठी स्त्रियांपुरते बोलायचे, तर प्रत्यक्ष रुग्णसेवेचा पहिला मान रखमाबाईंकडे जातो.

भारतात परतल्यावर काही काळ कामा रुग्णालयात काम करून १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. पुरुष डॉक्टरला स्त्रीने दाखवायचे नाही, असा तेव्हा दंडक होता. त्यामुळे स्त्री डॉक्टर नसेल तर कित्येक बायका उपचाराविना राहत. सुरतेतील प्लेगच्या साथीत रखमाबाईंनी केलेल्या सेवेची सरकारने कैसर-ई-हिंद पदक देऊन दखल घेतली. १९१७ नंतर त्यांनी राजकोटच्या जनाना रुग्णालयाची जबाबदारी घेतली आणि निवृत्तीपर्यंत ती सांभाळली. तेथे रेडक्रॉसचे कामही त्यांनी सुरू केले. ज्यांच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडत नसे, अशा शेकडो स्त्रियांची बाळंतपणे त्यांच्या हाताखाली झाली. लहान वयातील मातृत्वाचे जे दुःख सावत्र वडिलांनी डॉक्टर म्हणून पाहिले होते, ते आता मुलीने डॉक्टर म्हणून पाहिले.

१९०४ मध्ये दादाजींचे निधन झाले. त्यानंतर रखमाबाई पांढरी साडी नेसू लागल्या. ज्या पतीबरोबर एक दिवसही संसार केला नाही, त्याच्यासाठी त्यांनी विधवेचा वेश का घ्यावा, हे चरित्रकारांना कोडे वाटत आले आहे. समाजात वावरायला सोपे जावे म्हणून असेल, रुग्णांचा विश्वास राहावा म्हणून असेल, किंवा मनात आणखी काही असेल. पत्नी व्हायचे त्यांनी आयुष्यभर नाकारले आणि विधवा होणे मात्र स्वीकारले. या विसंगतीचा उलगडा त्यांनी स्वतः केला नाही, आणि आपणही तो ओढूनताणून करू नये. त्या केवळ रखमाबाई या नावाने ओळखल्या जात. राऊत हे आज त्यांच्या नावापुढे लागणारे आडनाव सावत्र वडिलांकडचे आहे, पतीचे नव्हे.

त्यांच्या दीर्घ आयुष्यात कायदा हळूहळू हलला. बंगालमध्ये दहा-अकरा वर्षांची फूलमणी दासी पतीच्या अत्याचाराने मरण पावली. ती घटना आणि रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेला वाद यांच्या पार्श्वभूमीवर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि विवाहातही मुलीशी सहवासाचे किमान वय १० वरून १२ वर्षे झाले. त्याही वेळी टिळकांनी सरकारी हस्तक्षेप म्हणून विरोध केला. १९२३ मध्ये नांदायला न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद दिवाणी संहितेतून निघाली. मालमत्तेच्या जप्तीची राहिली. म्हणजे ज्या शिक्षेची टांगती तलवार रखमाबाईंवर होती, ती काढायला छत्तीस वर्षे लागली. १९२९ मध्ये शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ठरवले. त्याच सुमारास पडदापद्धती बंद व्हावी असे सांगणारी पुस्तिका रखमाबाईंनी लिहिली. त्या तेव्हा पासष्टीच्या घरात होत्या. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदू पुरुषाचा दुसरा विवाह बेकायदा ठरवला आणि १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. साठ वर्षांपूर्वी यांपैकी दुसरा कायदा असता, तर रखमाबाईंचा खटला वेगळ्याच वाटेने गेला असता.

१८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा देशभर लागू झाला. एकपत्नीत्व आणि एकपतित्व सर्व हिंदूंना समान झाले, आणि घटस्फोटाची वाट दोघांनाही मोकळी झाली. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा जुना दावाही जागा मिळवून बसला. तो पत्नीलाही पतीविरुद्ध करता येतो. हे कलम व्यक्तीच्या खासगी जीवनावर आक्रमण करते म्हणून आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले, आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. त्या निर्णयांच्या वेळी रखमाबाई नव्हत्या. हिंदू विवाह कायदा अमलात आला तेव्हा मात्र त्या मुंबईत होत्या, नव्वद वर्षांच्या. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांचे निधन झाले.